छातीचा पट्टा आणि थंडीतले आकडे

७ डिसेंबर १९८६
मी श्रीधर अनंत मुळ्ये, बी. कॉम., वय चौपन्न, एका सहकारी संस्थेत कार्यालय अधीक्षक. ही वही केवळ माझ्या नाडीच्या नोंदींसाठी.

सप्टेंबरात छातीत कळ आली. डॉ. म्हणाले, "चालताना नाडी एकशे दहाच्या वर जाता कामा नये. महिनाभराच्या नोंदी आणा. वर जात असेल तर मुंबईला पाठवावे लागेल." थोरले बंधू दादा याच तक्रारीसाठी मुंबईला गेले होते. परत आले ते फक्त त्यांचे सामान.

धाकटा भाऊ विनायक बोटीवर इंजिनिअर. त्याने जर्मनीहून पट्टा आणला आहे. तो छातीला बांधायचा, आकडा मनगटावरच्या घड्याळात उमटतो. माहितीपत्रक जर्मन भाषेत, त्यामुळे चित्रांवरून काम भागवले. ऑक्टोबरच्या उकाड्यात दोन दिवस घरी बांधून पाहिले, यंत्र बिनचूक चालले. डॉ. साठी नोंदी आजपासून. आज स. ६.१५, मांडवीचा धक्का : ००.

८ डिसेंबर
००. धक्क्याच्या टोकाशी थांबलो. मानेची नाडी चाचपली, बोटे गार पडली होती, काही लागेना. तीन मिनिटे बांधावर बसून राहिलो. साळवी सर (निवृत्त पी. टी. शिक्षक, रोजचे सोबती) म्हणाले, "काय ओ मुळ्ये, मीटर बंद म्हणजे बिल येत नाही. चला!"
हसू आले नाही.

१० डिसेंबर
घरातील थर्मामीटर १७ अंश. सेल नवे घातले, तरीही ००. यंत्राला थंडी सोसत नसावी. उद्या पट्टा बंबाजवळ ऊब देऊन बांधावा.

११ डिसेंबर
ऊब दिली. आतून लोकरी बनियन, वर टेरिलीनचा सदरा. पाच मिनिटे ००, मग एकदम २१४, पुन्हा ००. २१४ पाहून तिथेच बांधावर बसलो. साळवी सरांनी हात धरून घरी आणले.
सौ. म्हणाली, "अहो, थंडीच बाधत्ये तुम्हाला. उद्यापासून तेल दोनदा चोळते."
थंडी पडल्यापासून ती पहाटे माझ्या छातीला कोमट खोबरेल चोळते. तिच्या माहेरची पद्धत. नकार दिला नाही. त्या दहा मिनिटांत भीती थोडी कमी होते, हेही नमूद करतो.

१५ डिसेंबर
चार दिवस ००. आकडा नाही म्हणजे नोंद नाही. डॉ. ना कोरे रकाने दाखवू? कोरे रकाने असणाऱ्यालाही मुंबईला...

१८ डिसेंबर
सौ. बहिणीकडे गणपतीपुळ्यास गेली. खोबरेल बाटलीत गोठून पांढरे झालेले. चमच्याने कोरण्याचा कंटाळा आला, तसाच निघालो. धक्क्यावर पुन्हा ००. साळवी सरांनी पट्टा मागून घेतला, आतल्या बाजूवरून अंगठा फिरवला.
"अहो, हा तर तळणीतून काढल्यासारखा लागतोय! तेल लावून बांधता?"
"थंडीसाठी."
"मग नाडी कळणार कशी? ऑक्टोबरात घाम होता, म्हणून चालला." त्यांनी मूठभर वाळूने पट्टा घासला, समुद्राच्या पाण्यात बुचकळला आणि ओलाच हातात दिला. "घाम खारट, समुद्रही खारट. बांधा."
अंगावर शहारा आला. क्षणभर ००. मग ९४.
डोळ्यांत पाणी आले. साळवी सर दुसरीकडे पाहू लागले.

१९ डिसेंबर
लोकरीऐवजी सुती बनियन; लोकर-टेरिलीन घासून वीज होते, ते २१४ त्याचेच असावे. पट्टा मिठाच्या पाण्यात भिजवलेला. सपाटीवर ९६, ९८. धक्क्यानंतर किल्ल्याच्या चढावर ११८.
यंत्राची चूक असावी.

२० डिसेंबर
चढ : १२६. पट्टा आवळला. १२८.

२१ डिसेंबर
सदरा बदलला, सेल पुन्हा बदलले. चढ : १३१. मधे आकडा दोनदा अडखळला. छातीतही तेव्हाच काहीतरी अडखळल्यासारखे वाटले. ते यंत्र पाहून वाटले की आधी, हे सांगता येत नाही.
शून्य दिसत होते तेव्हा निदान आशा होती.

२३ डिसेंबर
सौ. परत आली. तेलासाठी छाती पुढे केली नाही म्हणून रुसली. कारण सांगितले. "म्हणजे माझ्या तेलानेच घोळ केला म्हणा ना!"
"घोळ तेलाचा नव्हे. माहितीपत्रक न वाचता येण्याचा."

दुपारी तिलाच पट्टा बांधला. यंत्र खरे की खोटे ते एकदा ठरवायचे होते.
"इश्श, थंडगार आहे मेलं! हसू नका."
घड्याळात ७८. माझ्या बोटांनी तिच्या मनगटावर मोजले, पूर्ण एक मिनिट : ७८.
जिना दोनदा चढायला लावला. ९९. बोटांनीही ९९.
यंत्र खरे आहे.

"आणि तुमचा किती येतो चढावर?" तिने पट्टा सोडताना विचारले.
"शंभर. एकशे दोन."
"मग कशाला तोंड पाडून बसता? चहा टाकते."
तीस वर्षांच्या नोकरीत जाणूनबुजून चुकीचा आकडा मी कोणाला दिलेला नव्हता.

४ जानेवारी १९८७
कालची नोंद, चढ : १३३. उद्या स. १० वा. डॉ.
सगळे रकाने, चढाचेही, एका कागदावर सुवाच्य लिहिले. मग दुसरा कागद घेतला आणि त्यावर फक्त सपाटीचे आकडे उतरवले. तेही खरेच आहेत. दोन्ही कागद टेबलावर, एक पाकीट.
सौ. आतून तेलाची बाटली उन्हात ठेवावी की नको, असे विचारत्ये. ठेव म्हटले. डॉ. कडून आल्यावर, पट्टा सोडून, चोळून घेईन.
पाकीट अद्याप चिकटवलेले नाही.

श्री. अ. मुळ्ये
रत्नागिरी, ४ जानेवारी १९८७