मास्तरांवर बॉयकॉट

प्रिय ताई,

पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर मी तुझ्याशी चेष्टाच करत बसतो, आणि हे तसं सांगता येणार नाही.

गेल्या महिन्यात मी तुला बॉयकॉटचा अर्थ विचारला होता. तू म्हणालीस, माकडाला अक्कल यायला लागली वाटतं! मग सांगितलंस, मुळात ते एका माणसाचं आडनाव. परदेशातल्या कुठल्या जमीनदाराचा कारभारी. कुळांना जमिनीवरून हाकलायला निघाला, तर लोकांनी त्याला मारलं-बिरलं नाही, नुसतं टाकलं. मजूर शेतात जाईनात, दुकानदार सामान देईना, पोस्टमन पत्र आणेना. शेवटी तो निघून गेला आणि त्याच्या आडनावाचं क्रियापद झालं. मला लई भारी वाटलं. दुसऱ्या दिवशी डबा खाताना मी कारखान्यात सगळं तिखटमीठ लावून सांगितलं.

तेव्हा सगळे कापड कापणाऱ्या आमच्या कटिंग मास्तरांवर खार खाऊन होते. पोरं जेवून घोरत पडतात, असा त्यांनी मालकाला फोन केला म्हणे, आणि तासाची सुट्टी वीस मिनिटांवर आली. कोणी म्हणे, धरून बदडू म्हाताऱ्याला. मी म्हटलं, बदडता कशाला, बॉयकॉट करा.

ताई, तो फोन मी केला होता. मास्तरांचा आवाज काढून. गंमत म्हणून. मालक इतकं मनावर घेईल असं वाटलं नव्हतं, आणि नंतर सांगायची फाटली.

पहिले दोन दिवस मास्तर म्हणत होते, "काय रे, मेलोय का मी?" मग भिंतीकडे तोंड करून डबा खायला लागले.

आमच्याकडे वीज गेली की कापड कटिंग मशीनच्या पात्यात अडकतं. मेन स्विच बंद करायचा, मग मास्तर हात घालून ते सोडवतात. वीज परत येऊन बोर्डावरचा दिवा लागला की स्विचजवळच्याने ओरडायचं, "मास्तर, हात?" ते "काढला" म्हणेपर्यंत स्विचला शिवायचं नाही. स्विच माझ्या मशीनमागे आहे. बॉयकॉटच्या नवव्या दिवशी वीज गेली, मास्तरांनी हात घातला, आणि थोड्या वेळाने दिवा लागला. सगळे माझ्याकडे बघत होते, हा बोलतो का म्हणून. मी डोळा मारला आणि स्विच दाबला.

चार बोटं गेली. उजव्या हाताची.

दवाखान्यात गेलो तर मास्तरांनी डाव्या हाताने स्टूल पुढे सरकवलं. म्हणाले, "चला, एक जण तरी आला बोलायला." मी अर्धा तास बसलो आणि एक शब्द न बोलता उठून आलो.

उद्या चौकशीला साहेब येणार आहे. सगळ्यांचं ठरलंय, आवाज दिला होता, मास्तरांनीच उत्तर दिलं नाही. मी खरं सांगणार आहे. स्विचचं, आणि फोनचंही. मग कारखान्यात मला कोण उभं करतंय? पोलिसांचं काय होईल ते होईल. आईला तू सांग, माझ्याच्याने होणार नाही. आणि तू मला शिव्या घाल, येऊन कानाखाली काढ, वाट्टेल ते कर. फक्त गप्प बसू नकोस गं.

तुझाच,
धाकटा