एका मिनिटातले शब्द

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं. व्यायाम मात्र टाळू नकोस, मी तुला चांगलं ओळखून आहे.

इकडची बातमी तितकीशी बरी नाही. गेल्या रविवारच्या शब्दकोड्यात ‘वाट’ हा शब्द तीनदा आला. तीन वेगळी शोधसूत्रं लिहिली मी, आणि मला पत्ताच नाही. मुद्रितशोधकाने पकडलं. संपादकांनी आवाज चढवला नाही, पण आधी डॉक्टरांना दाखवून या म्हणाले. तोवर माझे शब्दांच्या चिठ्ठ्यांचे अक्षरवार डबे नव्या मुलीच्या टेबलावर गेले आहेत.

डॉक्टरांनी घड्याळ लावलं आणि एका मिनिटात ‘म’पासून सुरू होणारे शब्द सांगायला लावले. ताई, सव्वीस वर्षं मी हेच करून पोट भरतो आहे. मला सहा आले, त्यात ‘मका’ दोनदा. बाकी वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो. दरदरून घाम फुटला होता.

वीस तारखेला पुन्हा बोलावलंय. कोडी सोडवायला तू दोन अक्षरी शब्दांची अक्षरवार वही केली आहेस ना, जिला मी कॉपी कॉपी म्हणून हिणवत आलो, ती पाठव. मी सगळी पाठ करतो. फोन करू नकोस. फोनवर शब्द निसटतात, कागदावर निदान माझी वाट बघत थांबतात.

हसायचं तेवढं हस, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा


९ फेब्रुवारी

चि. कोडेबुवांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वही पाठवते आहे. इतकी वर्षं तिच्याकडे बघून नाक मुरडलंस, आता जपून हाताळ. शिवणयंत्रावर ठेवून लिहिल्यामुळे कडांना तेल लागलंय. ‘ण’चं पान कोरं आहे, तो विचारला तर डॉक्टरांना माझ्याकडे पाठव.

हे बरोबर करते आहे का, मला कळत नाही. दोनदा पाकीट चिकटवलं आणि दोनदा उघडलं. डॉक्टरांना फसवून तुझं कसलं भलं होणार? पण काम सुटलं तर त्या एका खोलीत तू दिवसभर काय करशील, या विचाराने तिसऱ्यांदा चिकटवलं. बाबांचंही असंच सुरू झालं होतं. आधी शब्द गेले, मग माणसं. तुलाही तेच आठवलं असणार, फक्त तू लिहिलं नाहीस. माझं एवढं ऐक, घराबाहेर पडताना गॅस बंद आहे का ते पाहत जा.

प्रकृतीला जप, आणि या म्हातारीवर माया असू दे.

तुझी,
ताई


२१ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

मैदान मारलं. ‘प’ विचारला. पट, पळ, पान, पीठ, पूर, पोत, तुझ्या पानावरच्याच क्रमाने एका दमात एकवीस शब्द. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, एवढे तर मलाही आले नसते. मागच्या वेळी धास्तीने तसं झालं असेल, पुढच्या तपासण्यांची आता गरज नाही, वर्षाने या. संपादकांसाठी चिठ्ठीही दिली. सोमवारपासून डबे पुन्हा माझ्या टेबलावर.

पाहिलंस, उगाच घाबरली होतीस. बाहेर पडल्यावर पायरीवर बसून थोडा रडलो, ते मात्र कुणाला सांगू नकोस.

भाऊजींना माझा नमस्कार सांग. म्हणावं, बुद्धिबळाचा डाव अर्धा राहिलाय, सवड काढून दोघंही या.

लोभ आहेच, तो आता वाढायला हरकत नाही.

तुझा,
धाकटा


२५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र हातात धरून आधी मी आनंदाने शेजारणीला हाक मारली. मग शेवट वाचला, आणि ती दारात येऊन उभी राहिली तेव्हा काही नाही म्हणून तिला परत पाठवलं. मायना परत पाहिला. तिथेही तू ‘सौ.’ लिहिलं आहेस.

ह्यांना जाऊन चार वर्षं होतील. त्या सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्याजवळ तूच होतास. नर्सने ह्यांचा चष्मा तुझ्याच हातात दिला होता. त्यानंतर आजवर एकाही पत्रात तुझी अशी चूक झाली नव्हती.

मी फार भ्याले आहे रे. आता वर्षभर कुणी तुला तपासणार नाही, आणि ही वेळ मीच आणली. डॉक्टरांच्या नावाने सगळं खरं लिहून ठेवलंय. पण तुझ्या पाठीमागे ते धाडायला हात धजत नाही. रविवारपर्यंत थांबते. तू स्वतः जाऊन सांगितलंस तर उत्तम, नाही तर मी पाकीट पेटीत टाकणार. मग माझ्याशी बोलणं सोडलंस तरी चालेल.

रागाच्या आतही थोडा लोभ शिल्लक ठेव.

तुझी,
ताई


१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी इतका चिडलो की ते फाडणारच होतो. मग भाऊजींचा चष्मा आठवायला बसलो. व्हरांडा आठवला, तुझा चेहरा आठवला, चष्मा काही आठवला नाही. दुसऱ्या दिवशी वही घेऊन डॉक्टरांकडे गेलो आणि सांगितलं, की ते एकवीस शब्द माझे नव्हते, बहिणीचे होते.

ते रागावले नाहीत. वही मिटून त्यांनी पुन्हा घड्याळ लावलं. या वेळी दोन अक्षरी नकोत, मोठे शब्द सांगा म्हणाले, ‘स’पासून. मिनिटभरात मला तीन आले.

तपासण्या येत्या मंगळवारी आहेत. डबे त्या मुलीकडेच राहू देत, असं संपादकांना मी कळवलं. ती हुशार आहे, चिठ्ठ्या जागच्या जागी ठेवते.

मला भीती वाटते, ताई. तिथे एकट्याने बसवणार नाही. मंगळवारच्या आत ये. तू आलीस की भाऊजी कुठे आहेत असं माझ्या तोंडून जाऊ नये, म्हणून दाराला आतून कागद चिकटवून ठेवलाय. त्यावर लिहिलंय, ताई एकटीच येईल.

तुझा,
धाकटा