चढावरचा आवाज

आई, या उन्हाळ्यात तुझ्या गाडीचं इंजिन ठोकायला लागलं आणि मला वाटलं, आता हिचे दिवस भरले. अंबरपेठच्या उड्डाणपुलावर चढताना वरच्या गिअरमध्ये पाय दाबला की बॉनेटखाली डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज यायचा. शेजारी बाबा बसलेले. त्यांना आता फारसं दिसत नाही, उजेड कळतो आणि माणसांचे आकार कळतात, बाकी सगळं ते कानांनीच ओळखतात. त्यांनी समोर डॅशबोर्डवर हात ठेवला आणि म्हणाले, "हिला काहीतरी होतंय गं." मी गाडी हळूहळू घरी आणली आणि फाटकाच्या आत उभी केली. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याला बोलावलं. त्यानं आवाज ऐकला, मान हलवली. "इंजन खोलना पडता मॅडम, बेरिंग गया दिखरा. इसके पार्ट कहाँ मिलते अब?" चांगला माणूस आहे तो, इतकी वर्षं आमच्या गाड्या बघतो. पण त्याच्या सुरात गाडीला निरोप दिल्यासारखं काहीतरी होतं.

पुण्याहून दादाचा फोन आला. त्याच्या ओळखीच्या एका हॉटेलवाल्यांना दर्शनी हॉलमध्ये ठेवायला जुनी स्पोर्ट्स कार हवी होती. "इंजिन चाललं नाही तरी त्यांना चालतं. तुझीही कटकट जाईल," दादा म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "देऊन टाक. फक्त जायच्या आधी एकदा मला फिरवून आण. उभी असली की ती मला दिसत नाही, चालू झाली की दिसते." त्यानंतर माझ्याच्यानं दादाला होकार देववेना.

तुला आठवतं का, ही गाडी आपल्याकडे आली तेव्हा काचीगुड्यात केवढा गलका झाला होता? तुझ्याबरोबरचे एक डॉक्टर देश सोडून निघाले होते आणि त्यांची ही लाल, बसकी, दोनच माणसांची उघडी गाडी तू घेतलीस. स्टेशनच्या बाजूच्या गल्लीत खाली तुझा दवाखाना, वर आपण. बाळंतपणाला कुणी बोलवायला आलं की तू बॅग घेऊन हिच्यात बसून निघायचीस आणि सगळी गल्ली बघायची. आत्या म्हणायची, शोभतं का हे? तू म्हणायचीस, वेळेवर पोचणं शोभतं. बाबांनी स्टिअरिंगला कधी हात लावला नाही. ते आपले डावीकडे बसून तू कशी चालवतेस ते बघायचे, आणि त्यात त्यांना कसलाही कमीपणा वाटत नसे.

मी कॉलेजात होते तेव्हा असाच एकदा इंजिनातून आवाज येऊ लागला होता. मी धावत दवाखान्यात आले, "आई, गाडी बिघडली, आवाज येतोय." तू शेवटच्या बाईला औषध लिहून दिलंस, ती बाहेर पडेपर्यंत थांबलीस आणि मग माझ्याकडे वळलीस. "आवाज येतोय हे काय सांगणं झालं? पोटात दुखतंय एवढंच म्हणणाऱ्या पेशंटसारखी उभी राहू नकोस. कधी येतो, कुठून येतो, काय केल्यावर थांबतो, ते बघून ये." मला रडू आलं होतं. तू मात्र पदर खोचून माझ्या मागोमाग आलीस. लाकडी काठीचं एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला. मग इंजिन चालू ठेवून, कोरड्या फडक्यानं धरून, एकेका प्लगची वायर काढत गेलीस. एका वायरीशी तो जड धप्‌ धप्‌ आवाज एकदम मंदावला. "हं. इथलं बेरिंग." तू मला तीच वायर पुन्हा लावून, पुन्हा काढून ऐकायला लावलंस. त्या वर्षी वाढदिवसाला मावसबहिणीला कानातलं मिळालं आणि मला टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते, बघायचा दिवा. मी तोंड फुगवून बसले होते. तो दिवा अजून लागतो, आई.

तर या वेळी मी गॅरेजवाल्याला म्हटलं, आधी ऐकू या. इंजिन नुसतं चालू ठेवलं तर आवाजच नाही. उभ्या गाडीत रेस वाढवली तरी नाही. ओझं पडलं, चढ लागला, की मगच, आणि तोही जड नाही, किणकिणणारा. बेरिंग गेलं असतं तर उभ्या गाडीतही ते बोललं असतं, हे मला तुझ्या त्या काठीनं शिकवलं होतं. म्हणजे ठिणगी वेळेआधी पडत होती. पिस्टन वर पोचायच्या आतच पेट्रोल पेटायचं आणि चढत्या पिस्टनला उलटा दणका बसायचा. मी खूश झाले. प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर जरासा फिरवून ठिणगी उशिरा केली आणि आवाज गेला! पण पुलावर गाडी अशी रडत चढली की मागून हॉर्न वाजायला लागले, आणि इंजिन तापलं ते वेगळंच. तू असतीस तर म्हणाली असतीस, ताप उतरवलास, आजार तसाच आहे.

मग तुझा दिवा काढला. त्याच्या उजेडात, इंजिन मंद चालताना, पुलीवरची ठिणगीच्या वेळेची खूण मी नेऊन ठेवली तिथंच स्थिर होती. रेस थोडी वाढवली की ती हळूहळू सरकायला हवी, पण ती टुणकन उडी मारून कुठल्या कुठे जात होती. गॅरेजवाला माझ्या खांद्यावरून बघत होता. तोच म्हणाला, "अंदर का स्प्रिंग देखो मॅडम." डिस्ट्रिब्युटर उघडला. वेग वाढेल तशी ठिणगी पुढे नेणारी दोन छोटी वजनं असतात आत, त्यांना आवरून धरणाऱ्या दोन स्प्रिंगा. त्यातली एक निसटून तळाशी पडली होती, ताणून लांबलेली, नखाएवढी. तिच्यासाठी आम्ही अख्खं इंजिन उघडायला निघालो होतो! अफझलगंजच्या एका जुन्या पार्टच्या दुकानात आम्ही दोघं डबेच्या डबे उपसत बसलो. मिळाली ती भलत्याच गाडीची होती, पण ताकद जुळली. लावली, ठिणगीची वेळ पुन्हा मूळ जागी आणली, दिवा धरला. खूण शहाण्यासारखी सरकली. गॅरेजवाल्यानं माझ्याशी हात मिळवला, दोघांचेही हात काळे.

रविवारी सकाळी बाबांना घेऊन निघाले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पूल आला तसा मी वरच्याच गिअरमध्ये पाय दाबला. फक्त वारा आणि इंजिनाचा भरदार घुमारा. बाबांनी मान तिरकी करून ऐकलं. "चढ संपला?" "संपला बाबा." "काहीच बोलली नाही ती." मग थोड्या वेळानं, "तुझी आई इथं आधीच गिअर खाली घ्यायची. म्हणायची, तिला दमवून काय मिळवायचंय?" वळून आल्यावर मी तसं केलं, आणि खरंच, गाडी किती सहज वर गेली! तुझं शिकवणं अजून संपलेलं नाही. आता ते बाबांच्या तोंडून येतं. दादाला मी संध्याकाळी नाही म्हणून कळवलं. तो हसला, म्हणाला, "मला माहीतच होतं."

हे तुला कळणार नाही हे मला समजतं, मी पोरांना रसायनशास्त्र शिकवते. लिहून झालं की हे माझ्याकडेच राहील. पण एक गोष्ट सांगायची राहिली. येताना पेट्रोल पंपावर थांबलो, तर पेट्रोल भरणारा माणूस गाडीभोवती फेरी मारून आला आणि बाबांकडे बघून विचारायला लागला, "किसकी गाडी है मॅडम, साब की?" मी म्हटलं, "नै, मेरी है." इतक्या वर्षांत पहिल्यांदा 'आईची' न म्हणता 'माझी' असं तोंडातून निघालं, विचार न करता. तिथून घरी येऊन गाडीवर कापड टाकेपर्यंत मला तुझी आठवणसुद्धा आली नव्हती.