दादांची वाफ

ता. ६

चि. वन्सं यांस, अ. उ. आ.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. तुमच्या दादांची छाती पुन्हा भरली आहे. साध्या सर्दीचं निमित्त झालं नि तिथून घसरलं. जन्मभर फर्निचर घासून पॉलिश केलं, तो भुसा छातीत घर करून बसलाय, असं डॉक्टर म्हणतात. त्यांनी वाफेचं यंत्र आणायला लावलं. त्यात औषध घालायचं, मास्क लावायचा नि गप्प बसायचं. पण गप्प बसतील तर ते तुमचे दादा कसले! यंत्राच्या घरघरीत बातम्या ऐकू येत नाहीत म्हणून अर्ध्यातच मास्क कपाळावर चढवतात. श्वासाचा पंप तोंडात मारतात नि लगेच बोलायला लागतात. औषध छातीत कमी, खोलीत जास्त. सांगून थकले. खरंच थकले हो. बसल्या जागी डोळा लागतो.

बाकी ठीक. काळजी नसावी. आहे तशी माया राहू द्या.

तुमची वहिनी

ता. १२

ती. दादास सा. न. वि. वि.

वहिनीचं पत्र आलं. ती ‘काळजी नसावी’ लिहिते तेव्हाच मला खरी काळजी लागते. दादा, बातम्या तुझ्यावाचून अडत नाहीत. औषध संपेपर्यंत मास्क लावून बस. माझे पाढे चुकले की पट्टी घेऊन समोर बसायचास, तशी मी येऊन बसू का? रजा टाकायची की नाही, ते स्पष्ट कळव.

रागावलास तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी धाकटी

ता. २१

चि. धाकटीस अ. उ. आ.

तुला कळवू नको, असं मीच तुझ्या वहिनीला बजावलं होतं. मी इस्पितळात होतो, काल घरी आलो.

गेल्या आठवड्यात एका सकाळी न्हाणीघरातून खाटेपर्यंत येताना श्वास कोंडला. पंप झाला, वाफ झाली, काही उपयोग होईना. वहिनीने बरं वाटतंय का विचारलं, तर ‘नाही’ एवढंही तोंडातून फुटेना. ओठ निळे पडले होते म्हणे. तिने शेजाऱ्यांची गाडी दाराशी आणवली. मी मानेनेच नको नको म्हणत होतो. तिने आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं नाही, म्हणून आज हे लिहितोय.

तिथे पुन्हा वाफ, इंजेक्शनं, बेताचा ऑक्सिजन. या खेपेला मास्क काढावासा वाटला नाही. घाबरलो होतो गं. श्वास जरा मार्गी लागल्यावर नर्सने पंपाला जोडायचं नळकांडं दिलं. सावकाश ओढायचं, धरून ठेवायचं, असं तिने पोराला शिकवावं तसं शिकवलं.

एकदा दुसरी नर्स पाळीवर आली, तिने नाडी बघायला आधी वहिनीचाच हात धरला. स्टुलावर भिंतीला टेकून झोपलेली ती. दोघांतलं आजारी कोण, असं नर्सने मला विचारलं.

येऊ का विचारलंस. ये. माझा मास्क आता माझा मी लावतो. तू स्वयंपाकघर ताब्यात घे आणि वहिनीला निजू दे. ती नको म्हणेल. ऐकू नकोस.

माझ्या वाटणीचा लोभही या खेपेला तिलाच दे.

तुझा दादा