सबवूफर कुठं ठेवावा

वाटूर, रविवार, ७ मे २००६

डोकं फिरलंय. नव्या होम थिएटरचा सबवूफर, म्हंजे जाड आवाजाचा डबा, दुपारपासून सरकवून राह्यलो. कोपऱ्यात ठेवला की नुसतं धुमधुम, पलंगाखाली ठेवला की मुका. माझ्या खुर्चीत बराबर ऐकू यावं, एवढंच तर पाहिजे! शेवटी खिडकीखाली जमला. बायकोला हाक मारली, "सुनंदा, ऐक."

ती सैंपाकघरातूनच म्हणाली, "इथं बोलणं कळत न्हाई. नुसतं धुमधुम येतं."

"मंग इथं येऊन बस."

"पोळ्या तुम्ही करता का?"

रोज संध्याकाळी ती आतच असते, हे मला आजच कळावं? चिडचिड करतच, बोलणं ज्यातून येतं तो मधला स्पीकर सैंपाकघराच्या दाराकडं वळवला. आता माझ्या खुर्चीत धड काही ऐकू येत न्हाई. पण टीव्हीतल्या एका बोलण्यावर सुनंदा आतून हसली.