हिरवी पट्टी

तांबरम
८ ऑक्टोबर, बुधवार

सीतालक्ष्मी वन्संना अंबुजाचा नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा. नाही कळवलंत तरी चालेल.

फोन करत नाही, कारण फोनवर तुम्ही रडता आणि माझं बोलणं राहून जातं. शिवाय हे समोरच बसलेत. बोललेलं सगळं ऐकू येतं त्यांना. उजवा डोळा गेला, डाव्याने मी दिसते, माझं अक्षर दिसत नाही. आत्ताच विचारलं, काय लिहितेस? वाण्याची यादी, म्हटलं. वाच, म्हणाले. वाचली. तूरडाळ, मोहरी, चिंच. "चिंच आहे, खालच्या डब्यात." डबे चाचपून पाठ केलेत.

सुधींद्र भावोजींनी तुम्हाला सांगितलं ते खरं आहे. डोळ्यात हवा भरलेली असताना डोंगरावर नेलं, म्हणून डोळा गेला. तेव्हापासून तुमचे चार फोन झाले. मी येते, माझ्या भावाचे, गुंडोचे पाय धरते, नवस माझा होता म्हणून सांगते, असं म्हणता. येऊ नका. का ते नीट वाचा, मी दोनदा लिहिणार नाही.

आठवतं ना, ऑगस्टात एका गुरुवारी हे गिंडीच्या कारखान्यातून लवकर आले. अर्ध्या सुताचा फरक नुसत्या नजरेने सांगणारा माणूस दाराच्या चौकटीला धडकला. म्हणाले, खालून काळा पडदा वर येतोय. इस्पितळात न्यायला मी चप्पल घातली होती हो. तुम्ही मामंजींच्या श्राद्धासाठी आला होता. सोमवारी तिथी, थोरला मुलगा, डोळ्याला कापाकापी झाली तर पिंडाला कोण बसणार, म्हणालात. मी म्हटलं, धाकटे सुधींद्र भावोजी बसतील. त्यावर भटजींसमोर, माझ्या लेकीसमोर म्हणालात, "चौथी शिकलेली, तू कधी डॉक्टर झालीस? गप्प बस."

बसले गप्प. चार दिवस पडदा वर चढत होता आणि सोमवारी हे वाकून धुरात पिंड करत होते. मंगळवारी गेलो. डॉक्टरीण पोरसवदा होती, पण तोंडाची खरी. म्हणाली, डोळ्याच्या आतल्या पडद्याला भोक केवढं, कुठे, आणि तुम्ही किती दिवसांनी आलात, यावर सगळं असतं. गुरुवारीच आला असतात तर मधला भाग चिकटलेला सापडला असता. आता तोही सुटलाय. पहिल्यासारखं दिसणार नाही, पण काहीतरी वाचवू.

वाचवलं तिने. सुटलेला पडदा बसवला, आत हवा भरली, दहा दिवस पालथं झोपायला सांगितलं. जेवताना मान खाली, संडासात मान खाली. मान वर झाली की मी टाळूवर चापट मारायचे. झोपेत कूस वळले की लाथ घालायचे. लाज वाटत नाही मला त्याची. चौदाव्या दिवशी म्हणाले, अंबुजा, डोळ्यात कारखान्यातल्या लेव्हलची बुडबुड्याची नळी ठेवल्यासारखी रेघ हलतेय, आणि रेघेच्या वर तुझी बांगडी दिसतेय. त्या दिवशी मी पायसम केलं.

त्यांच्या मनगटाला इस्पितळाची एक हिरवी पट्टी होती. तिचा अर्थ, हवा विरेपर्यंत विमान नाही, डोंगर नाही; उंचावर ती हवा फुगून डोळा दाबते. ऑपरेशननंतर हे आत पालथे होते तेव्हा डॉक्टरिणीने मला एकटीला समोर बसवून सांगितलं. नंतर परत बोलावून पुन्हा सांगितलं.

आणि पुरट्टासी महिन्याच्या पहिल्या शनिवारी तुम्ही व्हॅन घेऊन आलात. तिरुमलेच्या डोंगरावर बालाजीला ह्यांचं मुंडण बोलला होतात. पट्टी पाहून म्हणालात, हे इस्पितळाचं रबर सोवळ्यात चालत नाही.

कात्री मी आणली, वन्सं. मी कापली.

तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला होतं. तुम्ही मला गप्प बस म्हणाला होता, मी गप्प बसले. मनात म्हटलं, होऊ दे काहीतरी थोडं, मग बघते हिचं तोंड. थोडंच, असं मनात होतं. देवाशप्पथ, एवढं नव्हतं.

तुम्ही पुढे ड्रायव्हरशी भांडत होता. घाट लागायच्या आधी ह्यांनी मागे माझा हात धरून हळूच विचारलं, "डोंगर चालतो ना गं?" मी म्हटलं, "चालतो."

अर्ध्या घाटात ओकायला लागले. डोळा फुटतोय म्हणाले. तुम्ही म्हणालात पित्त आहे, आणि मुंडण करूनच उतरवलंत. खाली येईपर्यंत डोळ्याची नस दबून मेली होती. केस परत आलेत आता. केस येतात.

आता तुम्हाला सगळा दोष अंगावर घेऊन मोकळं व्हायचंय. नाही. त्यातला अर्धा माझा आहे, तो मी तुम्हाला रडायला देणार नाही.

डाव्या डोळ्याचा पडदाही दोन जागी विरलाय. सोमवारी लेझर करायचंय, नाहीतर तोही सुटेल. हे नको म्हणत होते. आता कुणी हात लावू नका, आहे तेवढं पुरे. तीन दिवस मी भांडले. शेवटी म्हणाले, "तू म्हणतेस तर जातो. तू कधी खोटं सांगत नाहीस."

डोळा डोंगराने गेला हे ह्यांना अजून ठाऊक नाही. तुम्ही येऊन डोंगराचं नाव काढलंत की त्यांना तो घाट आठवेल आणि 'चालतो' कोण म्हणालं तेही आठवेल. मग सोमवारी मी रिक्षात बसा म्हटलं तर बसणार नाहीत. एवढंच आहे. तुमचं रडणं आणि त्यांचा डोळा, यातलं एकच होईल.

यादी एवढी लांब कशी, विचारतायत.

तेव्हा श्राद्धाच्या घरात तुम्ही मला जे सांगितलंत तेच आज तुम्हाला सांगते. गप्प बसा.

तुमच्या भावाची बायको,
अंबुजा