मधेच विचारलेला प्रश्न

सर, तुम्ही भर सेमिनारमध्ये मला "खाली बस" म्हणालात, त्या क्षणी माझं सगळं बदललं. तोपर्यंत मी तुमचा विद्यार्थी होतो, एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला, पुढे तुमच्याकडेच पीएचडी करणार असं सगळ्यांनी धरून चाललेला. त्यानंतर मी शिक्षण अर्धवट सोडलेला मुलगा झालो. तुम्ही आवाजही चढवला नव्हता. तुम्ही आवाज चढवतच नसायचात, आणि तुमच्याबद्दल मला सगळ्यात जास्त राग त्याचाच होता. समोरचा पेटलेला असताना तुम्ही चष्मा पुसत बसायचात. एरवी "अरे, ये रे" म्हणणारे तुम्ही चिडलात की एकदम "आपण" वर यायचात. एकदा मी एका सिद्धतेवरून हुज्जत घातली आणि वही आपटली, तेव्हा म्हणाला होतात, "आपण रागावलात? बरं झालं सांगितलंत. गणिताला कळवतो." सगळे हसले. मी सोडून. आज मला हसू येतं, म्हणजे वय वाढलं असावं.

आज सकाळी हे लिहायला बसलोय, विश्रांतवाडीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत. अकरा वाजता विद्यापीठात तिची पीएचडीची खुली तोंडी परीक्षा आहे. ती म्हणजे कोण हे तुम्हाला सांगायला नको. लोकप्रशासन विभागातली, तुमच्या त्या पाण्याच्या पाळ्यांच्या कामावर माझ्याबरोबर असलेली. मी बाहेर पडलो, तुम्ही गेलात, आणि ते काम तिने एकटीने पुढे नेलं. खुल्या परीक्षेला कुणीही येऊन बसू शकतं आणि कुणीही प्रश्न विचारू शकतं, हे तुम्हीच आम्हाला सांगितलं होतं. रस्त्यावरचा माणूससुद्धा. त्या हिशोबाने मी आज रस्त्यावरचा माणूस आहे.

काम तसं साधं वाटायचं. वारज्याच्या बाजूच्या एका भागात नळाला पाणी पाळीने यायचं, चढावरच्या गल्ल्यांना एका वेळी, उतारावरच्यांना दुसऱ्या वेळी. प्रशासनाच्या लोकांना पाळ्या अशा लावायच्या होत्या की भांडणं कमी होतील. तुम्ही म्हणालात, भांडणं मिटवणं त्यांचं काम, आपण एवढंच विचारायचं की असं वाटप निघतं का, ज्यात कुठल्याच गल्लीला शेजारच्या गल्लीची पाळी आपल्यापेक्षा बरी वाटणार नाही. तिच्या विभागाने तिला घरोघरी पाठवलं, तुम्ही मला फळ्यापाशी उभं केलंत. ती दुपारी उन्हातून यायची, ओढणीने तोंड पुसायची आणि म्हणायची, "तुम्ही गणितवाले पंख्याखाली बसून पाणी वाटा." मला तेव्हा काय व्हायचं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण तुम्हाला कळत होतं. नाहीतर तिची यायची वेळ झाली की तुम्हाला नेमकं लायब्ररीत काम कसं निघायचं?

तुमच्या घरचं स्वयंपाकघर मला अजून तसंच दिसतं. रविवारची सकाळ आहे, तुम्ही लेंग्यावर, तवा तापलाय आणि तुम्ही थालीपीठ लावताय. काकूंना जाऊन तेव्हा बरेच दिवस झाले होते, आणि तुम्ही स्वयंपाक त्यांच्या पद्धतीने, त्यांच्याच डब्यांतून करत होतात. आम्ही दोघं ओट्याला टेकून उभे. पीठ संपलं आणि शेवटचं थालीपीठ एकच उरलं. तुम्ही ते ताटात टाकून म्हणालात, "एकाने कापा, दुसऱ्याने उचला. भांडण नको." मी उलथन्याने अगदी काटेकोर मधोमध कापलं. ती ताटाकडे बघून म्हणाली, "हे काय? मला कडेचं कुरकुरीत आवडतं, याला मधलं मऊ. मधोमध कापून दोघांनाही अर्धं नावडतंच मिळालं की." तुम्ही इतके खूश झालात की तेलाचा चमचा हातातच राहिला. "बघ," मला म्हणालात, "तुझं वाटप बरोबर आहे आणि कुणाच्या कामाचं नाही." मग ताट तिच्यापुढे सरकवलंत. तिने कडा मोडून घेतल्या, मधला गोल माझ्याकडे दिला, आणि दोघांनाही वाटलं की आपल्याला अर्ध्याहून जास्त मिळालं. पुढे महिनाभर मी फळ्यावर जे काही सिद्ध करत होतो ते याहून फार वेगळं नव्हतं.

ते सिद्ध झालं त्या संध्याकाळी तुम्ही मला तुमची खडू धरायची पितळी नळी दिलीत. खडूने तुमच्या बोटांना भेगा पडायच्या म्हणून तुम्ही ती वापरायचात. मी म्हटलं, "सर, मग तुमचं काय?" तुम्ही म्हणालात, "माझं आता बोलून भागतं." मी हल्ली क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवतो, तिथे पांढरा फळा आणि मार्कर. नळी खिडकीत पडून असते.

मग तो सेमिनार. तुमच्या सेमिनारची रीत अख्ख्या विभागाला माहीत होती. बोलणाऱ्याला शेवटपर्यंत बोलू द्यायचं आणि मग टाळ्या वाजवायच्या, हे तुमच्याकडे चालायचं नाही. कळलं नाही की तिथेच थांबवायचं, ओळ अर्धी असली तरी. मी स्वतः कितीजणांना थांबवलं असेल, आणि मजेत थांबवलं असेल. त्या दिवशी पहिल्यांदाच दोन्ही विभाग एकत्र बसले होते. मी नवा शर्ट घातला होता. सेमिनार झाला की तिला कँटीनमध्ये चहाला विचारायचं आणि मनातलं सांगून टाकायचं, असं ठरवलं होतं. वाक्यंसुद्धा पाठ केली होती, सर. प्रमेयापेक्षा ती जास्त पाठ होती.

माझं अर्धं झालं असेल. मी लिहितोय की कुठलाही एक तास दुसऱ्या तासाइतकाच धरू. मागून तिचा आवाज येतो, "एक मिनिट. हे का धरलंयस?" मी वळतो. ती उभी आहे. म्हणते, "पहाटे चारला पाणी आलं तर घरातली बाई चारला उठते. तो तास आणि सकाळी सातचा तास सारखा कसा?" माझे कान तापलेत. मला दिसतंय ते एवढंच, की जिच्यासाठी शर्ट घातला तिनेच सगळ्यांदेखत मला उघडं पाडलं. मी म्हणतो, "तू तुझे फॉर्म भर, गणित मला बघू दे." कुणीतरी हसतं. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं पुसल्यासारखं होतं. आणि तुम्ही, चष्मा पुसत, "खाली बस." मी म्हणालो, "सर, पण तिने..." तुम्ही म्हणालात, "आपण बसा. प्रश्न बरोबर आहे." मी बसलो नाही. दारातून बाहेर पडलो तो परत विभागात आलोच नाही.

घरचे ओरडले, मित्र आले, मी कुणाला जुमानलं नाही. तुमचा एकच फोन आला. "सोमवारी सेमिनार आहे. बोलायला कुणी नाही." मी म्हणालो, "मला वेळ नाही सर." तुम्ही म्हणालात, "बरं. वेळ झाला की ये." मला वाटलं होतं तुम्ही समजूत घालाल. एकदा तरी घालायची होतीत! दिवाळीच्या सुट्टीत तुमचं हृदय बंद पडल्याचं मला तिच्याकडून कळलं. स्मशानात आम्ही दोन वेगवेगळ्या टोकांना उभे होतो.

तिने मागच्या आठवड्यात प्रबंध पाठवला, बरोबर फक्त एक ओळ : "जमलं तर वाच." मी वाचला. चांगलं काम आहे सर. पहाटेची पाळी, नोकरी करणाऱ्या बायका, म्हाताऱ्या माणसांची घरं, सगळं तिने मोजमापात आणलंय, आणि मी दोन वाटेकऱ्यांवर थांबलो होतो तिथून ती कितीतरी गल्ल्यांपर्यंत गेलीय. त्यासाठी ती पाळीचे लहान लहान तुकडे करते आणि ते गल्ल्यांमध्ये फिरवते. तुकडा हवा तितका लहान करता येतो असं ती धरते. काल मी सकाळी तोंड धुवायला नळ सोडला आणि तो नुसता फुसफुसत राहिला. पाळी सुरू झाली की आधी हवा येते, पाइप भरतो, मग धार लागते. तुकडे लहान केले तर बऱ्याच गल्ल्यांच्या वाट्याला हवाच येईल. थालीपीठ कापल्याने कमी होत नाही, पाणी मात्र कमी होतं. हातात ब्रश घेऊन मी तसाच उभा होतो. तिच्या प्रबंधाचं मधलं प्रकरण या एका गोष्टीवर उभं आहे.

आणि तिची नोकरी या पदवीवर अडली आहे. बाहेरगावच्या परीक्षकांनी हा मुद्दा उचलून धरला तर दुरुस्त्या सांगतील, त्यात महिने जातील, जागा दुसऱ्या कुणाला जाईल. मी गप्प बसलो तर बहुतेक कुणाच्याच लक्षात येणार नाही. म्हणून तासाभरापूर्वी मी तिला फोन केला. आधीच सांगून टाकावं, तिला विचार करायला वेळ मिळेल, असं मनात होतं.

"अरे वा," ती म्हणाली, "आज क्लासच्या पोरांना काय सांगितलंस? सर शिकायला गेलेत?"

"सुट्टी दिलीय. प्रबंध वाचला मी."

"मग? प्रश्न आहे?"

"आहे."

"मोठा?"

"मोठा आहे. सांगू का आत्ता?"

मागे भांड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाली, "नको. तिथे विचार."

"अगं, परीक्षक असतील. नोकरीचं..."

"नोकरी माझी आहे ना? मग तू कशाला घाम पुसतोयस?" मग जरा हळू म्हणाली, "आमच्या विभागात आधी आभार मानायचे, मग प्रश्न, तोही शेवटी. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला मधे थांबवलं. आधी सरांना विचारलं होतं, चालेल का म्हणून. सर म्हणाले, ज्याचं काम आवडतं त्यालाच थांबवायचं असतं, बाकीच्यांना टाळ्या."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकतोयस ना? परीक्षेनंतरचे वडे मोजून सांगितलेत. येणार असशील तर एक वाढवते."

"वाढव," म्हणालो.

म्हणजे तुम्हाला आधीपासून माहीत होतं. ती उभी राहणार हेही, आणि का राहणार हेही. मला वाटत होतं तुम्ही तिची बाजू घेतलीत. तुम्ही तर बहुधा आमच्या दोघांची घेत होतात, आणि मी तेवढा वेळही उभा राहिलो नाही. एक वाक्य जास्त बोलला असतात तर काय बिघडलं असतं सर? पण तुम्ही बोलला नाहीत, आणि तिनेही इतकी वर्षं नाही. मी कुणाला विचारलंही नाही.

प्रश्न कसा विचारायचा ते मनात चार वेळा मांडून झालं. आवाज चढता कामा नये, आणि तो पडता पण कामा नये. तिला उत्तर सापडेलही, ती माझ्यापेक्षा चिवट आहे. नाही सापडलं तर त्या प्रकरणावर तिच्याबरोबर बसायला मी मोकळा आहे, हेही तिला तिथेच सांगायचं. सगळ्यांसमोर. तिची जागा गेली तर ती मला काय म्हणेल ते म्हणो, या वेळी मी ऐकून घेईन, जागेवरून न हलता.

हा कागद पाकिटात घालायचा नाही. तुमच्या घरी आता दुसरे लोक राहतात. फक्त एक कबूल करतो, तुमच्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही म्हणून : प्रश्न खरा आहे, पण तो सापडला नसता तरी मी आज गेलोच असतो, आणि मागच्या रांगेत बसून तिच्याकडे बघत राहिलो असतो. आता निघतो. चपला घातल्यात, गाडीची किल्ली खिशात आहे. बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.